तो डाग नव्हता, विनू

विनू, तुझ्या तिरडीला सुहासने खांदा दिला. तुला हे सांगायलाच मी बसले आहे, कारण तू डोळे मिटून पडला होतास नि तुला ते कळलं नसणार. पुढे उजव्या बाजूला मुश्ताक होता, त्याच्या मागे हा. इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आला होता. बायकांनी मला दारातच धरून ठेवलं होतं, नाहीतर त्याच्या खांद्यावरचा बांबू मी काढून घेतला असता. लोक म्हणाले, बघा, धंद्यातलं वैर विसरून आला हो पोरगा. कसलं वैर? वैर धरायला दोघं लागतात. तू तर कधी धरलंच नाहीस. मी धरलं होतं, नि अजून सोडलेलं नाही.

आयुष्यभर तुला मेल्या म्हणून हाक मारली. जेवायला ये मेल्या, ती स्कूटर बाजूला घे मेल्या. आता तो शब्द ओठावर येतो नि तिथेच अडतो. त्यासाठीही मी तुझ्यावर चिडलेली आहे.

पेपरात आलं ते मी दिलेलं नाही. वाचनालयाच्या कार्यकारिणीने दिलं. 'संगणक क्षेत्रातील जाणकार व मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व.' मनमिळाऊ! तू! 'मशीन स्लो झालंय, नवीनच घेऊ ना?' असं विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला तू दुकानातून हाकलून द्यायचास. 'आई म्हातारी झाली की नवी आणता का?' असं एका मास्तरांना तोंडावर विचारलं होतंस. ते मास्तर परत फिरकले नाहीत, नि तुला त्याचं काही वाटलं नाही. मनमिळाऊ म्हणे. जिवंतपणी ज्यांनी तुला भंगारवाला म्हटलं, त्यांनीच मेल्यावर मनमिळाऊ केलं. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते हेच.

तुझं हे वेड सुरू झालं ते माझ्या क्लासात. मारुती मंदिराजवळ माझा टायपिंगचा क्लास होता, आणि टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आले तेव्हा मी कर्ज काढून घेतलेली मशीनं बघता बघता जुनी झाली. मी डोक्याला हात लावून बसले होते. तू मुंबईहून एक उभं कार्ड घेऊन आलास. बोर्डावर जुना प्रोसेसर उभ्या फटीत बसायचा, नवे प्रोसेसर आडवे, चौकोनी. तुझ्या त्या कार्डावर चौकोनी प्रोसेसर बसत होता, आणि कार्ड फटीत. म्हटलं, हे शिडीला शिडी बांधण्यासारखं आहे, पडेल. तू म्हणालास, "ताई, बोर्ड म्हातारा झालाय गो, मेला नाहीये. नव्याची नि त्याची गाठ घालून देणारं कुणीतरी मध्ये लागतं, एवढंच." नि मशीन चालू झालं. पळायला लागलं. मी तुला सोलकढी नि मोदक खाऊ घातले. त्यातला शेवटचा मोदक कुणी खाल्ला यावरून आपण भांडलोही. माझा क्लास तेव्हा वाचला तो तुझ्यामुळे. हे मी तुला कधी सरळ म्हटलं नाही, कारण तू लगेच छाती फुगवून गावभर सांगत सुटला असतास.

मग वाचनालयाची मशीनं आली. लोटे एमआयडीसीतल्या कुठल्याशा कंपनीने जुनी म्हणून काढून टाकलेली, अभ्यासिकेतल्या मुलांसाठी देणगी म्हणून दिलेली. मुलं स्पर्धा परीक्षांचे फॉर्म भरायला बसायची नि एकेक पान उघडेपर्यंत डुलक्या काढायची. अध्यक्ष म्हणाले, विनूशेठ, काहीतरी करा. अध्यक्षांना काम करून घ्यायचं असलं की तू विनूशेठ.

तू मुश्ताकला कामाला लावलंस. राजिवड्याचा आपला मुश्ताक, स्वतः आखातातून परत आलेला, पण भाऊ अजून तिकडेच. त्या भावाने मोठ्या सर्व्हरमधून काढलेले जुने प्रोसेसर खजुराच्या डब्यातून, मोज्यात गुंडाळून आणले. आपल्या बोर्डांना बापजन्मी मिळाला नसता असा माल. खजूर मी खाल्ले, मोजे तू वापरलेस.

हे प्रोसेसर मापाला त्याच घरात बसणारे, पण पोटाखालचे दोन सोनेरी ठिपके उलटसुलट जागी, नि कडेच्या खाचाही दुसरीकडे. खाचांसाठी तू बोर्डाच्या सॉकेटचे दोन प्लास्टिकचे कान कटरने छाटलेस. ठिपक्यांसाठी ती पट्टी. नखाएवढी, पिवळट तपकिरी, कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ. ती प्रोसेसरच्या पोटाला चिकटवली की त्या दोन ठिपक्यांची अदलाबदल व्हायची. पट्टी असली तर मशीन चालू, नसली तर पडदा काळा. सगळा खेळ त्या पट्टीचा.

तुला चाळिशी लागली होती नि चष्मा लावायला लाज वाटायची, म्हणून चिमट्याने पट्ट्या बसवल्या त्या मी. तू मागे उभा राहून ओरडत होतास. "तिरकी गेली! ताई, तिरकी गेली! रांगोळी घालतेयस की काय?" मी म्हटलं, रांगोळी घालणाऱ्या हातांनाच जमणार हे, तू गप्प उभा राहा. सगळी मशीनं चालली. एकाही मुलाला पान उघडेपर्यंत डुलकी काढावी लागली नाही. त्या आनंदात तू मला स्कूटरवर बसवून आरे-वारेच्या किनाऱ्याला नेलंस, नि तिथे पोचल्यावर पेट्रोल संपलं. घाटीवरून स्कूटर ढकलत आपण तुझ्याच नावाने शंख करत आलो. विनू, तो दिवस फार चांगला होता.

आता खरं ते.

वैशाखात तुझ्या छातीत दुखलं नि तुला कोल्हापूरला नेलं. आपल्याकडे पावसाआधी मशीनं उघडून पुसायची पद्धत तुला ठाऊकच आहे. खाऱ्या वाऱ्याने इथे खिळादेखील वर्ष काढत नाही. म्हणून इथला प्रत्येक कॉम्प्युटरवाला खिशात शाळकरी पोरासारखं खोडरबर घेऊन हिंडतो, नि दिसेल त्या पितळी, सोनेरी जागेवर घासतो. पुण्याच्या माणसाला हे सांगितलं तर हसेल. तू नव्हतास, म्हणून अध्यक्षांनी सुहासला बोलावलं. त्याचं दुकान नुकतंच उघडलेलं, हात शिवशिवत होते. त्याने एकेक प्रोसेसर काढला, उलटा केला, पोटाखाली पिवळट तपकिरी काहीतरी दिसलं. गंजाचा डाग समजून त्याने खोडरबराने घासून काढलं. एकेक करून सगळ्यांचं. वर स्पिरिटने पुसून लख्ख केलं.

नि मग एकही मशीन लागेना.

चूक होती. मीही म्हणते, चूक होती. इथल्या हवेत वाढलेल्या कुठल्याही माणसाने तेच केलं असतं. पण त्यानंतर त्याने अध्यक्षांना काय सांगितलं? "सॉकेट कापलेत, प्रोसेसर दुसऱ्याच कसल्यातरी मशीनचे आहेत, डाग पडलेले. भंगार भरलंय आत." चोराच्या उलट्या बोंबा. तू कोल्हापूरहून आलास, अंगात सदरा घालायची ताकद नव्हती, तरी तुला कार्यकारिणीपुढे बोलावलं. मी बरोबर होते. टेबलावर मशीनं उघडी टाकलेली. अध्यक्ष म्हणाले, "विनायकराव, वाचनालयाला भंगार पुरवलंत?" विनूशेठचे विनायकराव झाले तेव्हाच मी समजले.

तू एक प्रोसेसर उचललास, उलटा केलास, नि सुहासकडे पाहिलंस. तुला त्या क्षणी सगळं कळलं होतं. मलाही कळलं होतं, त्या पट्ट्या माझ्या हातच्या होत्या. मी तोंड उघडणार तेवढ्यात तू माझा हात दाबलास. "ज्याने पुसलं त्याने नीट बघावं," एवढंच म्हणालास नि उठलास. त्यांना वाटलं, सापडला म्हणून पळाला. अभ्यासिकेला कुलूप लागलं, नि तू भंगारवाला झालास. मासळी बाजारातसुद्धा मला विचारलं एकीने, "तुजो भाव तो भंगारवालो?" मी तिच्याकडून पुन्हा बांगडे घेतले नाहीत.

घरी आल्यावर आपण भांडलो ते आठवतं? तुला जोरात बोलायची बंदी होती, म्हणून तू हळू आवाजात भांडत होतास, नि त्यामुळे मला आणखीच संताप येत होता.

"त्याला माहीत नव्हतं, ताई. माहीत नसणं हा काय गुन्हा आहे?"

"मग जाऊन सांग ना, की बाबा, तो डाग नव्हता!"

"चारचौघांत सांगितलं तर त्याचं दुकान बसेल. आत्ता कुठे उभं राहतंय. त्याची बायको पोटुशी आहे."

"नि तुझं दुकान?"

"माझं काय, मी उभाच आहे."

उभाच आहे म्हणे! उभा राहिलास की धाप लागत होती तुला. मोठा दानशूर कर्ण लागून गेला होतास. मी म्हटलं, बरं, आज नाही माहीत त्याला. उद्या कळलं नि तरी गप्प बसला तर? तू म्हणालास, "कळलं की येईल तो स्वतः. नवरत्न आहे, पण कारागीर आहे. कारागिराला आपली चूक बोचते."

आषाढात मुश्ताक आला. त्याचा चेहरा उतरलेला. म्हणाला, "ताई, सुहास माझ्याकडे आलेला. इचारत होता, त्या पिवळ्या पट्ट्या कुठे मिलतात. मी इचारलं, तुला कशाला? तर काय बोलला नाय, गेला." म्हणजे कळलं होतं त्याला. कुठेतरी वाचलं असेल, कुणी सांगितलं असेल, पण कळलं होतं. मी तुझ्याकडे पाहिलं, तर तू हसत होतास! तुला आनंद झाला होता. "बघ, म्हटलं नव्हतं? आता येईल." तू ड्रॉवरमधून उरलेल्या पट्ट्यांचा कागद काढून काउंटरवर ठेवलास. त्याच्यासाठी. येईल तेव्हा शोधायला नको म्हणून.

विनू, तो आला नाही. तू रोज दुकानात जाऊन बसलास. डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलेलं, नि तू रस्त्याकडे तोंड करून खुर्ची टाकून बसायचास. श्रावण गेला. गणपती आले, गेले. सुहास समोरून मोटरसायकलवर जायचा नि मान दुसरीकडे फिरवायचा. कारण अध्यक्षांनी नवी मशीनं त्याच्याकडूनच घ्यायचं ठरवलं होतं. तू म्हणायचास, लाजतोय तो. मी म्हणायची, लाज असती तर आला असता. आपलं भांडण तिथेच राहिलं. दसऱ्याचं सोनं वाटून झालं नि तू गेलास, आणि शेवटचा शब्द कुणाचा ते ठरलंच नाही. सांगून ठेवते, माझा आहे.

वाचनालयाने तुझी शोकसभा ठेवली. कार्यकारिणीचा एक माणूस निमंत्रण घेऊन आला, "ताई, आपणही दोन शब्द बोलावेत." म्हटलं, बोलते की. मुश्ताकला निरोप पाठवला. तो म्हणाला, "ताई, विनूला आवडला नसता." म्हटलं, विनूला काय आवडलं असतं ते विचारायला विनू ठेवलाय का त्यांनी? मग त्याने वाचनालयाच्या मागच्या खोलीतलं एक बंद पडलेलं मशीन नि पडदा उचलून आणला, नि तुझ्या फोटोशेजारी ठेवला. लोकांना वाटलं, किती छान कल्पना.

फोटोला हार घालायला सुहासच पुढे. अध्यक्ष भरभरून बोलले. तुझा अभ्यास, तुझा ध्यास, तुझी सेवावृत्ती. मग माझं नाव पुकारलं. मी माइककडे गेले नाही. मशीनपाशी उभी राहिले.

"सुहास, ये इकडे. उघड हे."

"ताई... आत्ता?"

"आत्ता. प्रोसेसर काढ."

त्याने काढला. नीट काढला. कारागीर आहे, तेवढं तुझं खरं. मी पट्ट्यांचा कागद नि चिमटा त्याच्यापुढे धरला.

"लाव."

"ताई, मी घरी येऊन बोलतो ना. इथे कशाला..."

"घरी यायला तुला अख्खा पावसाळा होता. तो खुर्ची टाकून बसला होता तुझ्यासाठी. लाव."

त्याने लावली. पहिली तिरकी गेली. मी म्हटलं, काढ, दुसरी लाव. दुसरी बसली. मुश्ताकने बटण दाबलं, पंखा फिरला नि पडदा उजळला. मागच्या रांगेतली अभ्यासिकेची मुलं उठून उभी राहिली.

"आता सांग यांना, तू काय पुसलं होतंस?"

"मला... मला गंज वाटला."

"नि गंज नाही हे कधी कळलं?"

अध्यक्ष मध्ये पडले. "ताई, अहो, प्रसंग काय नि आपण..."

"प्रसंग तोच आहे, अध्यक्ष. याच टेबलापाशी तुम्ही माझ्या भावाला भंगार पुरवलं म्हणालात. तेव्हा नाही तुम्हाला प्रसंग आठवला? बोल रे, कधी कळलं?"

"आषाढात," सुहास म्हणाला. इतक्या हळू, की मी त्याला पुन्हा म्हणायला लावलं. माइकवर.

तू असतास तर माझा हात दाबला असतास. नव्हतास. म्हणून हे झालं.

आता तुला जे ऐकायचं नाही ते ऐक. तू म्हणाला होतास तसंच घडलं. सुहासच्या दुकानात शुकशुकाट आहे. त्याची बायको बाळाला घेऊन माहेरी, चिपळूणला गेलीय, कायमची की चार दिवस ते कुणाला माहीत नाही. लोक मला रस्त्यात गाठून सांगतात, ताई, झालं गेलं, पोराला माफ करा. ज्यांनी तुला भंगारवाला म्हटलं तीच तोंडं ही. मी विचारते, विनूला माफ करा म्हणून माझ्याकडे का नव्हता आलात? मग त्यांना घाई होते. मला वाईट वाटलं का? एकदा वाटलं, बाळाचं. सुहासचं नाही. तुझ्यासारखं मोठं मन मला आईने दिलं नाही. सगळं तुलाच दिलं नि ते छातीत मावलं नाही तुझ्या.

अध्यक्षांनी नवी मशीनं रद्द केली नि जुनीच चालू करून द्या म्हणून माझ्याकडे आले. मी म्हटलं, करते. पण हात सुहासचे लागतील. तो रोज दुपारी येतो. मी खुर्चीवर बसते, मुश्ताक शेजारी. तो पट्टी लावतो, मशीन चालू होतं. मग मी त्याला एक चिठ्ठी देते नि सांगते ते लिहायला लावते. त्याच्या हाताने, त्याच्या अक्षरात: 'प्रोसेसरखालची पट्टी विनूने लावलेली आहे. हा डाग नाही. पुसू नये.' ती चिठ्ठी तो झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवतो. बाहेर नाही. बाहेर लावली तर येणारा जाणारा वाचेल नि विसरेल. आत लावली की पुढे जो जो कारागीर ही मशीनं उघडेल, त्याला हात घालण्याआधी तुझं नाव वाचावं लागेल. पट्ट्या आता सुहासने लावलेल्या आहेत, हे तो एकदा पुटपुटला. मी म्हटलं, लिही, विनूने. त्याने लिहिलं.

काल शेवटचं मशीन झालं. त्याने चिठ्ठी लिहिली नि मी सांगितलं नसताना खाली स्वतःची आणखी एक ओळ लिहिली. 'माझ्या चुकीने निघाली होती. मी सांगायला हवं होतं.' नि खाली सही, सुहास म्हणून. लिहून माझ्याकडे बघत राहिला. डोळे भरलेले. विनू, हेच तुला हवं होतं. याच्यासाठी तू पावसाळाभर रस्त्याकडे बघत बसला होतास.

मी ती चिठ्ठी फाडली. कोरी दिली. म्हटलं, पहिलं तेवढंच लिही. त्याचं नाव तुझ्या नावाखाली मला नको, माफी मागायलासुद्धा नको. ज्याच्यापाशी मागायची होती तो खुर्ची टाकून बसला होता तेव्हा मागायची होती. तो टेबलावर डोकं टेकून रडला. मुश्ताकला माझ्याकडे बघवेना म्हणून तो खिडकीबाहेर बघत बसला. मी वाट पाहिली. मग सुहासने डोळे पुसले नि लिहिलं.

स्क्रू आवळून झाल्यावर मुश्ताकने खालच्या हॉटेलात हाक मारली, तीन चहा पाठव रे. तू असतास तर स्वतःचा कप उचलून सुहासच्या हातात दिला असतास, हे मला ठाऊक आहे. मी खिडकीतून वाकून सांगितलं, दोनच पाठव.